विश्लेषण : विद्यापीठाच्या स्नेहभोजनात कर्मचारी पाहुणा की वाढपी? वर्ध्याचा वारसा काय सांगतो?

दीक्षान्त समारंभ, वर्धापन दिन किंवा रौप्यमहोत्सव आला की विद्यापीठात स्नेहभोजनाची निमंत्रणे निघतात. कोणाला पत्रिका मिळते, कोणाला ‘ड्युटी’ लागते आणि कोणाचे नाव दोन्ही याद्यांत नसते, यावर नंतर बरेच दिवस कुजबुज चालते. वर्धा जिल्ह्यात या प्रश्नाला जास्तच वजन आहे. कोण कोणाशेजारी बसून जेवतो आणि उष्टे ताट कोण घासतो, हे शिक्षणाचे प्रश्न मानणारा प्रयोग याच जिल्ह्यात झाला. या भोजनाची पद्धत आली कुठून, कर्मचाऱ्यांसाठी नियम काय आणि शिष्टाचार कोणते, याचा हा आढावा.

समारंभी भोजन नेमके कशासाठी असते?

मुख्य कार्यक्रम संपल्यावर प्रमुख पाहुणे, पदाधिकारी, अध्यापक आणि कर्मचारी एकत्र जेवतात, एवढाच त्याचा वरवरचा अर्थ. प्रत्यक्षात ते विद्यापीठाच्या अंतर्गत रचनेचे उघड दर्शन असते. कुलगुरू, कुलसचिव, वित्त अधिकारी, अधिष्ठाता, विभागप्रमुख, अध्यापक, कक्ष अधिकारी, लिपिक, प्रयोगशाळा परिचर, शिपाई, सुरक्षारक्षक आणि सफाई कामगार ही उतरंड एरवी कागदावर असते. त्या संध्याकाळी ती खुर्च्यांच्या मांडणीत दिसते.

वर्धा जिल्ह्यात असे प्रसंग साजरे करणाऱ्या संस्था कमी नाहीत. महात्मा गांधी आंतरराष्ट्रीय हिंदी विद्यापीठ हे संसदेच्या कायद्याने १९९७ मध्ये अस्तित्वात आलेले केंद्रीय विद्यापीठ. जानेवारी १९७५ मध्ये नागपुरात झालेल्या पहिल्या विश्व हिंदी संमेलनात त्याची कल्पना पुढे आली होती. सावंगी (मेघे) येथील दत्ता मेघे संस्थेला २००५ मध्ये अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. सेवाग्रामचे महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थान १९६९ चे. जिल्ह्यातील अनेक महाविद्यालये १९२३ मध्ये स्थापन झालेल्या नागपूर विद्यापीठाशी जोडलेली आहेत. या सर्व संस्थांचा डोलारा शिक्षकांइतकाच शिक्षकेतर आणि कंत्राटी मनुष्यबळावर उभा आहे.

ही पद्धत आली कुठून?

ऑक्सफर्ड आणि केंब्रिजच्या महाविद्यालयांत सामूहिक भोजन हा विद्यापीठीय जीवनाचा जुना भाग आहे. दालनाच्या एका टोकाला उंच चौथऱ्यावर अध्यापकांचे मेज, खाली लांब बाकांवर विद्यार्थी, अंगात झगे, भोजनापूर्वी लॅटिन प्रार्थना. वरच्या मेजावरील मंडळी आत येताना सगळ्यांनी उभे राहायचे आणि ती उठून गेल्याखेरीज खालच्यांनी हलायचे नाही, असा रिवाज.

भारतात १८५७ मध्ये मुंबई, कलकत्ता आणि मद्रास विद्यापीठे स्थापन झाली तेव्हा नमुना मात्र लंडन विद्यापीठाचा घेतला गेला. संलग्न महाविद्यालयांच्या परीक्षा घेणे आणि पदव्या देणे हे त्यांचे मुख्य काम. राहणे-जेवणे हा विद्यापीठाचा विषयच नव्हता. त्यामुळे पदवीदानाचा झगा आणि मिरवणूक आपल्याकडे आली, पण भोजनगृहाची परंपरा आली नाही. समारंभी भोजनाची ही जागा पुढे दोन वेगळ्या पद्धतींनी भरली. एक सरकारी मेजवानीचा राजशिष्टाचार, दुसरी लग्नातली पंगत आणि तिच्या जागी आलेला बुफे. आज विद्यापीठाच्या स्नेहभोजनात जो गोंधळ दिसतो, तो या दोन पद्धती एकाच मांडवात आल्याने होतो. राजशिष्टाचार माणसाचे पद विचारतो, तर पंगतीत आलेल्या प्रत्येकाला जेवू घालणे हे यजमानाचे कर्तव्य ठरते.

गांधींना अशा भोजनांचा अनुभव होता का?

चांगलाच होता. लंडनच्या इनर टेम्पलमध्ये ते बॅरिस्टर होण्यासाठी दाखल झाले, तेव्हा परीक्षेइतकीच भोजनेही सक्तीची होती. आत्मकथेत त्यांनी त्याचे मिस्कील वर्णन केले आहे. एकूण १२ सत्रे भरायची, प्रत्येक सत्रातील सुमारे २४ भोजनांपैकी किमान सहांना हजर राहायचे. खाल्ले नाही तरी चालेल, पण ठरलेल्या वेळी येऊन शेवटपर्यंत बसणे बंधनकारक. एका भोजनाचा खर्च अडीच ते साडेतीन शिलिंग.

चौघांच्या गटाला मद्याच्या दोन बाटल्या मिळत. गांधी पीत नसल्याने त्यांना आपल्या गटात घेण्यासाठी इतरांची चढाओढ असे, कारण मग दोन बाटल्या तिघांतच वाटल्या जात. ज्येष्ठ सदस्यांच्या मेजावरचे जेवण विद्यार्थ्यांपेक्षा चांगले असे. गांधी आणि त्यांच्यासारखाच शाकाहारी असलेला एक पारशी विद्यार्थी यांनी त्या मेजावरील भाज्या आणि फळे आपल्याला मिळावीत असा अर्ज केला आणि तो मंजूरही झाला. अशा भोजनांमुळे बॅरिस्टरीची पात्रता कशी वाढते, हे मात्र आपल्याला तेव्हा उमगले नाही आणि नंतरही नाही, असे ते प्रांजळपणे नोंदवतात. १० जून १८९१ रोजी ते बॅरिस्टर झाले आणि १२ जूनला मायदेशी निघाले.

या अनुभवातील एक गोष्ट आजच्या कर्मचाऱ्यालाही उपयोगी आहे. आपल्याला जे चालत नाही ते न घेता, गाजावाजा न करता, पण जे हवे ते रीतसर मागून, शेवटपर्यंत मेजावर बसता येते.

काशीच्या समारंभाचा वर्ध्याशी संबंध काय?

विद्यापीठाच्या उत्सवातच गांधींनी दिलेले एक भाषण वर्ध्याच्या इतिहासाला कारण ठरले. ४ फेब्रुवारी १९१६ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड हार्डिंज यांच्या हस्ते बनारस हिंदू विद्यापीठाची कोनशिला बसवली गेली. त्यानिमित्त झालेल्या सभांत ६ फेब्रुवारीला गांधी बोलायला उभे राहिले. समोर दागिन्यांनी मढलेले संस्थानिक होते. त्या झगमगाटाची आणि देशातील गरिबीची सांगड त्यांनी भर सभेत घातली. अ‍ॅनी बेझंट यांनी त्यांना थांबवण्याचा प्रयत्न केला, मान्यवर उठून गेले आणि सभा अर्धवट संपली.

त्याच वर्षी इंटरमिजिएटच्या परीक्षेला मुंबईस निघालेला एक विद्यार्थी सुरतेला गाडीतून उतरून काशीला गेला होता. तिथे या भाषणाचा वृत्तांत त्याच्या वाचनात आला. त्याने गांधींना पत्र लिहिले आणि ७ जून १९१६ रोजी अहमदाबादेत त्यांची भेट घेतली. तो विद्यार्थी म्हणजे विनोबा भावे. जमनालाल बजाज यांच्या आग्रहावरून गांधींनी १९२१ मध्ये विनोबांना वर्ध्याच्या आश्रमाची जबाबदारी देऊन पाठवले. उत्सवात कोणाचे वैभव दिसते आणि कोणाचे कष्ट झाकले जातात, हा प्रश्न अशा रीतीने वर्ध्याच्या वाट्याला आला.

सेवाग्रामच्या रसोड्याने काय बदलले?

गांधी १९३६ मध्ये वर्ध्याजवळच्या शेगावात राहायला आले. गावाचे नाव १९४० मध्ये सेवाग्राम झाले. तिथल्या आश्रमात जेवणाची घंटा सर्वांसाठी एकच होती. देशाच्या राजकारणातील मोठे नेते, परदेशी पत्रकार आणि शेतावर राबणारे आश्रमवासी एकाच ठिकाणी जमिनीवर बसत. शरीरश्रम, अस्वाद आणि स्पर्शभावना ही आश्रमाच्या एकादश व्रतांपैकी तीन व्रते थेट स्वयंपाकघरात उतरलेली होती. स्वयंपाक, वाढणे, भांडी घासणे आणि सफाई ही कामे आळीपाळीने वाटली जात.

अमेरिकी पत्रकार लुई फिशर जून १९४२ मध्ये आठवडाभर सेवाग्रामला राहिले. चटयांच्या भिंती असलेल्या भोजनगृहात गांधींनी आपल्या बाजूच्या भांड्यांतून त्यांना स्वतः भाजी वाढली, असे त्यांनी लिहून ठेवले आहे. बेचव भाजीबद्दलची त्यांची नाराजीही त्यात आहे. म्हणजे जेवण काही मेजवानीचे नव्हते. ‘भारत छोडो’ आंदोलनाच्या तोंडावर जगाचे लक्ष ज्याच्याकडे लागले होते तो यजमान हातात पळी घेऊन वाढत होता, हे त्या प्रसंगाचे महत्त्व.

स्वयंपाकघर अभ्यासक्रमात कसे आले?

२२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्ध्यात झालेल्या शिक्षण परिषदेतून ‘नई तालीम’ची मांडणी पुढे आली. अभ्यासक्रम ठरवण्यासाठी डॉ. झाकिर हुसेन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. पुढे हिंदुस्तानी तालिमी संघाच्या वतीने आशादेवी आणि ई. डब्ल्यू. आर्यनायकम या दांपत्याने सेवाग्रामात शाळा चालवली. सूतकताई आणि शेतीसोबत स्वयंपाक आणि सफाई ही तिथे शिक्षा किंवा नोकरांची कामे नव्हती. किती माणसांना किती धान्य लागते, त्याचा खर्च किती, त्यातून पोषण किती मिळते, हे गणित आणि विज्ञान मुले आणि शिक्षक रसोड्यातच शिकत.

सेवाग्रामच्या वैद्यकीय महाविद्यालयात या विचाराचा काही भाग टिकून आहे. डॉ. सुशीला नायर यांनी गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी सुरू केलेल्या या संस्थेत खादी, शाकाहार, श्रमदान आणि मद्य-तंबाखूवर्जन हे आचारसंहितेचे भाग मानले जातात. नव्या विद्यार्थ्यांचा प्रवेश आश्रमातील शिबिराने होतो.

मग पंगत चांगली की बुफे?

पंगतीचा इतिहास निर्मळ आहे असे समजण्याचे कारण नाही. महाराष्ट्रात कोण कोणाच्या पंगतीला बसला यावरून माणसे वाळीत पडली आहेत. १८९० मध्ये पुण्यातील पंचहौद मिशनमध्ये चहा-बिस्किटे घेतल्याचा गवगवा झाला, तेव्हा न्या. रानडे आणि लोकमान्य टिळक यांच्यापर्यंत प्रायश्चित्ताचा प्रश्न येऊन ठेपला होता. पंक्तिभेद हा शब्दच आपल्या भाषेत त्या अनुभवातून आला. सहभोजनाच्या चळवळी कराव्या लागल्या त्या त्यामुळेच.

बुफेने रांग एक केली आणि जातीची पंगत मोडायला मदत केली, हे खरे. पण समारंभांत लवकरच दोरी लावलेला ‘मान्यवरांसाठी’ कोपरा आला. तिथे काचेची भांडी आणि वाढायला माणसे, तर बाहेर कागदी पत्रावळ घेऊन रांग. पदार्थ तेच असले तरी पंक्तिभेद परतलेला असतो.

तरीही पंगतीचा एक नियम आजही लक्षात ठेवण्याजोगा आहे. पंगतीत शेवटच्या माणसाचे जेवण झाल्याखेरीज कोणी उठत नाही. इंग्रजी भोजनगृहात सगळे सर्वांत वरच्या माणसासाठी थांबतात. पंगतीत सगळे सर्वांत सावकाश जेवणाऱ्यासाठी थांबतात. विद्यापीठाने आपल्या भोजनासाठी यातील कोणता नियम निवडायचा, हा खरा प्रश्न आहे.

निमंत्रण मिळालेल्या कर्मचाऱ्याने काय लक्षात ठेवावे?

पहिली गोष्ट पत्रिका नीट वाचण्याची. ती व्यक्तीच्या नावाने आहे, ‘सपत्नीक’ आहे की ‘सहकुटुंब’, हे पाहूनच कोणाला सोबत न्यायचे ते ठरवावे. उत्तर मागितले असेल तर होकार-नकार वेळेत कळवावा. त्यावरच आचाऱ्याचा अंदाज ठरतो. मधुमेह, उपवास किंवा अन्य कारणाने काही वर्ज्य असेल तर तेही त्याच वेळी सांगावे. ताट पुढ्यात आल्यावर सांगितल्यास वाढणाऱ्याची पंचाईत होते.

पोशाखाबाबत अलीकडे सोपे झाले आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१९ मध्ये दीक्षान्त समारंभासाठी हातमागाच्या कापडाचा आग्रह धरला. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये आपल्या अखत्यारीतील वैद्यकीय शिक्षणसंस्थांना काळ्या झग्याऐवजी स्थानिक परंपरेवर आधारित पोशाख ठरवण्यास सांगितले. वर्ध्यात तर खादीचा स्वच्छ कुडता किंवा साधी सुती साडी कोणत्याही मेजावर शोभते. त्यासाठी भाड्याचा कोट आणण्याची गरज नाही.

प्रमुख पाहुणे येण्यापूर्वी आसनावर बसावे. नावाची पाटी असल्यास ती परस्पर बदलू नये. शेजारी अनोळखी असेल तर आपले नाव आणि विभाग आपणच सांगावा. हुद्दा विचारण्यापेक्षा काम विचारले तर गप्पा पुढे सरकतात. पगार, बढती आणि बदलीचे अर्ज या मेजावर काढू नयेत. कुलगुरू शेजारी आले तरी ती सुनावणी नसते. हाताने जेवायचे की चमच्याने, याचे दडपण घेऊ नये. वरणभात, वांग्याची भाजी, पाटोडी आणि भाकरी असा वऱ्हाडी बेत असेल तर हात हेच योग्य साधन. नको असलेला पदार्थ आग्रहाने वाढला जात असेल तर ताटावर हात आडवा धरणे पुरेसे असते. लागेल तेवढेच घ्यावे. वाढणाऱ्याला निघताना धन्यवाद द्यावेत, तो अनेकदा आपलाच सहकारी असतो.

वर्ध्यात मद्याचा प्रश्न उद्भवतो का?

गांधीजी आणि विनोबांच्या वास्तव्यामुळे वर्धा जिल्ह्यात १९७० च्या दशकापासून दारूबंदी आहे. राज्याचा दारूबंदी कायदा १९४९ चा. त्यामुळे इथल्या समारंभात मद्य ठेवणे हा अभिरुचीचा मुद्दाच राहत नाही, तो कायद्याचा भंग ठरतो. केंद्रीय नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९६४ मधील नियम २२ नुसार कर्मचाऱ्याने, तो जिथे असेल तिथला मद्यविषयक कायदा काटेकोरपणे पाळायचा असतो. बाहेरून आलेल्या पाहुण्यालाही हे आधी सांगितलेले बरे. शुभेच्छांसाठी पेला उंचावायचाच असेल तर लिंबू सरबत, ताक किंवा अंबाडीचे सरबत चालते. हिवाळ्यात आर्वी, आष्टी, कारंजा भागातील संत्र्यांचा रस हाताशी असतो. पाहुण्यांच्या हातात निरोपाचा गोरसपाकाचा पुडा दिला तर वर्ध्याची ओळख त्यांच्यासोबत जाते.

वर्गणी, सत्कार आणि ठेकेदाराचे आतिथ्य यांबाबत नियम काय?

अनेक केंद्रीय संस्थांत १९६४ चे हेच नियम लागू आहेत. राज्य सरकारच्या कर्मचाऱ्यांसाठी महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ आहेत. विद्यापीठागणिक परिनियम वेगळे असू शकतात, म्हणून आपल्या आस्थापना विभागाकडून खात्री करून घ्यावी. केंद्रीय नियमांतील तीन गोष्टी मात्र प्रत्येकाने माहीत करून घ्याव्यात.

एक, प्रासंगिक जेवण किंवा साधे सामाजिक आतिथ्य हे ‘भेट’ मानले जात नाही. त्यामुळे विद्यापीठाच्या भोजनाला जाण्यात संकोच वाटण्याचे कारण नाही. दोन, ज्यांच्याशी कार्यालयीन व्यवहार आहे अशांचे उंची किंवा वारंवारचे आतिथ्य टाळायचे असते. भोजनाचा ठेका देणाऱ्या समितीतील सदस्याने इच्छुक केटररकडच्या दावतीला सहकुटुंब जाणे या कक्षेत येऊ शकते.

तीन, आणि कनिष्ठ कर्मचाऱ्यांसाठी सर्वांत महत्त्वाचे : निरोप समारंभ खासगी आणि अनौपचारिक असला तरी त्यासाठी वर्गणी देण्याचा दबाव आणता येत नाही. ‘क’ आणि ‘ड’ गटाबाहेरील अधिकाऱ्याच्या मेजवानीसाठी या दोन गटांतील कर्मचाऱ्यांकडून वर्गणी गोळा करण्यास तर कोणत्याही परिस्थितीत मनाई आहे. साहेबांच्या निरोपासाठी शिपायाच्या हातात पावतीपुस्तक देण्याची चाल कितीही जुनी असली तरी ती नियमाविरुद्ध आहे.

स्नेहभोजन हे ‘कामाचे ठिकाण’ ठरते का?

भोजन रात्री आणि कार्यालयाबाहेर असले तरी कार्यालयाचे कायदे दारातच थांबत नाहीत. कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाला प्रतिबंध करणाऱ्या २०१३ च्या कायद्यात, कामाच्या ओघात किंवा कामामुळे कर्मचारी जिथे जातो ते ठिकाण, तसेच संस्थेने पुरवलेले वाहन, यांचाही समावेश आहे. उच्च शिक्षणसंस्थांसाठी अनुदान आयोगाचे २०१५ चे स्वतंत्र विनियम आहेत. भोजनप्रसंगी किंवा परतीच्या बसमध्ये घडलेल्या प्रकाराची तक्रार अंतर्गत समितीकडे करता येते. ‘तो काही कार्यालयीन कार्यक्रम नव्हता’ एवढे म्हणून संस्थेला हात झटकता येत नाहीत.

याच कायद्यातील ‘कर्मचारी’ या शब्दाची व्याख्या मुद्दाम वाचण्यासारखी आहे. कायम, तात्पुरता, तदर्थ, रोजंदारीवरील आणि ठेकेदारामार्फत आलेला, हे सगळे त्यात येतात. म्हणजे संरक्षणाच्या बाबतीत कायद्याने सर्वांना एका पंगतीत बसवले आहे. निमंत्रितांची यादी करताना मात्र संस्था तीच व्याख्या विसरतात.

परतीचा प्रवास हाही त्याच जबाबदारीचा भाग. विद्यापीठांचे परिसर शहरापासून दूर, कर्मचारी देवळी, पुलगाव, हिंगणघाटपर्यंत विखुरलेले. भाषणे लांबली आणि जेवण रात्री दहाला सुरू झाले तर शेवटची एसटी गेलेली असते. मग निमंत्रण असूनही अनेक महिला कर्मचारी न जेवताच निघतात. वेळेवर संपणारा कार्यक्रम आणि परतीची गाडी यांची सोय फुलांच्या कमानीआधी व्हायला हवी.

वाढणाऱ्यांच्या ताटाचे काय?

सर्वांत कमी चर्चा होते ती याची. फाटकावरचा रक्षक, मांडवातील वायरमन, खुर्च्या लावणारा परिचर, वाहनचालक आणि सफाई कामगार यांचा दिवस पहाटे सुरू होतो आणि मांडव रिकामा झाल्यावर संपतो. ते जेवतात ते उरलेले, गार झालेले आणि बहुधा उभ्या उभ्या. अन्नसुरक्षेच्या निकषांनुसार गरम अन्न ६० अंश सेल्सिअस किंवा त्याहून अधिक तापमानाला ठेवायचे असते. तासन्‌तास उघड्यावर राहिलेले अन्न शेवटी जेवणाऱ्यांनाच बाधण्याची भीती अधिक. त्यामुळे जेवणाचा क्रम हा मानापुरता प्रश्न राहत नाही, तो आरोग्याचाही होतो.

उपाय अवघड नाहीत. लष्करात ‘बडाखाना’ची प्रथा आहे, त्यात अधिकारी आणि जवान एकत्र जेवतात. पुलगावच्या दारूगोळा भांडारामुळे लष्करी जीवन वर्धा जिल्ह्याला अनोळखी नाही. जिथे हुकमाची उतरंड सर्वांत कडक, तिथे हे जमते, तर विद्यापीठात न जमण्याचे कारण नाही. कामावरच्या मंडळींची पहिली पंगत पाहुणे येण्यापूर्वी बसवणे, पाळ्या लावून प्रत्येकाला अर्धा तास मोकळा देणे, कंत्राटी कर्मचाऱ्यांची संख्या आचाऱ्याच्या अंदाजात सुरुवातीलाच धरणे आणि बेत सर्वांना एकच ठेवणे, एवढ्याने बरेच साधते. त्या पहिल्या पंगतीत अधिष्ठाता आणि विभागप्रमुखांनी हातात भांडे घेऊन वाढले, तर वेगळ्या सत्काराची गरज उरत नाही. यासाठी नवा परिनियम नको आणि जादा निधीही नको. वेळापत्रकात एक ओळ वाढवावी लागते.

सेवाग्राम आश्रमाला भेट देणाऱ्यांत देशभरातील विद्यापीठांचे अध्यापक आणि विद्यार्थी असतात. बापूकुटीसमोर छायाचित्र काढून ते पुढे जातात. पुढच्या वर्धापन दिनाची तयारी करणाऱ्या समितीने तिथल्या रसोड्यासमोरही थोडा वेळ थांबायला हरकत नाही. निमंत्रितांची यादी अंतिम करण्यापूर्वी ही भेट झाली, तर त्या रात्री फाटकावर उभ्या असलेल्या रक्षकाचे ताटही वेळेवर आणि गरम मांडले जाईल.